परभणी, २७ डिसेंबर १९८१: पाच जण, एक जोडी

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल इथेच ठेवा. पाकिटातली एकही नोट तिकडे चालणार नाही. अंगात हातानं विणलेला स्वेटर हवा, उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब. डोक्याला कानटोपी, खिशात थोडे सुटे पैसे आणि एक धुतलेला हातरुमाल. रुमाल विसरू नका, नांदेडला त्याचं काम आहे. आणि वय. तेही इथेच ठेवायचं. तिकडे तुम्ही बारा वर्षांचे आहात, पण तिकिटाच्या खिडकीवर अकरा सांगायचं, म्हणजे अर्ध्या तिकिटात भागतं.

रविवार, २७ डिसेंबर १९८१. परभणी. पहाटेचे पाच.

अंगणात बंब पेटलाय. आत पऱ्हाटी कडकडतेय आणि धूर वर जायचा कंटाळा केल्यासारखा जमिनीलगत पसरलाय. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला मे महिना आठवतो, परभणीची थंडी त्याला सांगूनही खरी वाटत नाही. पण इथली हवा कोरडी, आभाळ निरभ्र, रान मोकळं. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते आणि पहाटेपर्यंत पारा घसरतो. पुढे कित्येक हिवाळ्यांत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत या गावाचं नाव येणार आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे लोक थंडीचं उदाहरण देत नाहीत, पण आज द्यायला हरकत नाही.

फाटकाशी शीळ वाजते. गोलंदाज आलाय. वर्गात त्याच्याएवढा वेगवान चेंडू कुणी टाकत नाही, म्हणून ते नाव. आई त्याला ओट्यावरच चहा देते. त्याचा कप खिडकीत पालथा घातलेला असतो, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. चहा पिऊन झाला की तो स्वतःच नळाखाली धरतो आणि परत खिडकीत पालथा घालून ठेवतो. हे तुम्ही शंभरदा पाहिलंय. पण आज दोन वयांचे डोळे घेऊन आला आहात, तेव्हा नीट पाहा. काही बोलू मात्र नका. बारा वर्षांच्या मुलानं या घरात अजून तो प्रश्न विचारलेला नाही.

गोलंदाज रुळापलीकडच्या वस्तीत राहतो. साडेतीन वर्षांपूर्वी, १९७८च्या जुलैत, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलितांची घरं जळाली. त्या पावसाळ्यात तो बरेच दिवस शाळेत आला नव्हता. आला तेव्हा कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत चेंडू मात्र पहिल्यापेक्षा जोरात यायला लागला.

स्टेशनवर बाकीचे तिघं उभे आहेत. लांबड्या, ज्याचे वडील पूर्णेच्या इंजिन शेडमध्ये आहेत. चष्मिस, ज्याच्या मामानं दिवाळीत हैदराबादहून स्केट्सची जोडी आणली आणि तेव्हापासून ज्याला अचानक खूप मित्र झाले. आणि चष्मिसची ताई. ती पंधराची आहे, दोन वेण्या, अंगावर आईची शाल. घरच्यांनी पाच जणांना एकटं सोडलंय ते तिच्या जबाबदारीवर, आणि हे ती दर दहा मिनिटांनी सांगणार आहे. बेत असा: सकाळच्या पॅसेंजरनं नांदेड, गुरुद्वारा, दुपारच्या गाडीनं परत, आणि उन्हं उतरेपर्यंत स्केटिंग.

हातात पुठ्ठ्याचं चौकोनी तिकीट येतं. नुकताच दाबलेला तारखेचा ठसा अंगठ्याला जाणवतो. गाडी मीटर गेजची, डबे अरुंद, समोरासमोर बसलं की गुडघे गुडघ्यांना लागतात. निजामाच्या रेल्वेनं विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद ते मनमाड हा मार्ग टाकला, तोच हा. अजून तो रुंद व्हायचाय, त्याला नव्वदचं दशक उजाडेल. पुढे कोळशाचं इंजिन आहे. खिडकीतून डोकं बाहेर काढायचा मोह आवरा, नाहीतर डोळ्यात कण जाईल आणि ताई पदर नसल्यामुळे शालीचं टोक फुंकून डोळ्याला लावेल, सगळ्या डब्यासमोर.

पिंगळी. मिरखेल. दोन्ही बाजूंना शाळू पोटरीत आलाय. तुरीच्या शेंगा भरल्यात, कापसाच्या रानात शेवटची वेचणी चाललीय. समोरच्या बाकावर दोन मोठी माणसं एकच वर्तमानपत्र दोन्हीकडून वाचतायत. विषय सिमेंट. सिमेंट परमिटवर मिळतं, घर बांधणाऱ्याला पोत्यांसाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात, आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्यावर सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात आपल्या प्रतिष्ठानांना देणग्या घेतल्याचा आरोप आहे. ‘राहतंय का जातंय?’ एक जण विचारतो. तुम्हाला उत्तर माहीत आहे: पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागेल आणि अंतुले राजीनामा देतील. गप्प बसा. पण सिमेंटचं हे लक्षात ठेवा, दुपारी त्याच्याशी आपली गाठ आहे.

पूर्णेला इंजिन पाणी पितं. लांबड्या इथे राजा. कुठलं इंजिन शेडमधून कधी निघालं, अकोल्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते, सगळं त्याच्या तोंडावर. वडील हातातल्या चिंधीला हात पुसत खिडकीशी येतात, पाच जणांच्या हातात गरम भज्यांचा पुडा देतात आणि निघून जातात. पुढे चुडावा, लिंबगाव, आणि मग नांदेड. पाटीवर नुसतंच ‘नांदेड’. त्याआधी ‘हुजूर साहिब’ लागायला अजून बराच अवकाश आहे.

तुम्ही नंतरच्या काळात इथे आला असाल तर वाट चुकणार. २००८ साली गुरुता गद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली तेव्हा गुरुद्वाऱ्याभोवतीची घरं-दुकानं हलली, रस्ते रुंद झाले, मोकळं पटांगण आलं. आज त्यातलं काही नाही. सायकलरिक्षा गल्लीत शिरते, दोन्ही बाजूंना कडी, कंगवे, कृपाणी आणि बत्तासे विकणारी दुकानं, वर लोंबणाऱ्या तारा, मध्ये बसलेली गाय. गल्ली वळते आणि कसलीही पूर्वसूचना न देता समोर पांढरी भिंत आणि वर सोन्याचा घुमट. सकाळचं ऊन फक्त घुमटापर्यंत पोचलंय, खाली सगळं अजून सावलीत.

जोडे जमा करा. इथे हे काम करणारे कुणी नोकर नाहीत. चांगल्या घरची माणसं हौसेनं लोकांचे जोडे उचलतात, पुसतात, टोकन देतात. तुमची धुळीनं भरलेली कॅनव्हासची जोडी एक पांढऱ्या दाढीचे आजोबा दोन्ही हातांनी घेतात. पायरीशी वाहत्या पाण्याची उथळ चर आहे, तीतून चालत जायचं. डिसेंबरच्या सकाळी ते पाणी घोट्यापासून मेंदूपर्यंत पोचतं. चष्मिस किंचाळतो. ताई त्याला चिमटा काढते. आता रुमाल काढा, डोक्याला बांधा. गोलंदाजाकडे रुमाल नाही. दाराशी ठेवलेल्या टोपलीतून त्याला भगवा फडका मिळतो आणि तो पाचांत सगळ्यात रुबाबदार दिसायला लागतो.

आत जाताना एवढं माहीत असू द्या. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीच्या काठी इथे थांबले. इथल्याच मठात राहणारा माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि पुढे बंदा बहादूर होऊन पंजाबात लढायला गेला. इथेच गुरूंवर पठाणाचा हल्ला झाला. ७ ऑक्टोबर १७०८ला त्यांनी देह ठेवला, त्याआधी आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असं सांगून. ज्या जागी अग्निसंस्कार झाला त्या जागेवर आतली खोली आहे, अंगीठा साहिब. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. पंजाबातून कारागीर पाठवले, पैसा पाठवला. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे एका राजानं दुसऱ्याच्या मुलखात उभं केलेलं हे काम. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक.

आतल्या खोलीत गुरूंची शस्त्रं आहेत, संध्याकाळी ती भाविकांना दाखवतात. तुमची गाडी दुपारची आहे, ते हुकणार. चष्मिसचा चेहरा पडतो, तो मुख्यतः तलवारींसाठी आलाय. पण रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीत भरून इथे चालत आणतात आणि त्यानं अंगीठा साहिब धुतात, हे बाहेर बसलेल्या एका बाईंकडून कळतं तेव्हा ताई म्हणते, ‘म्हणजे आपण उठायच्या आधीच यांचं सगळं होऊन जातं.’

ओंजळीत कडा प्रसाद पडतो. कणीक, तूप, साखर समान मापानं घेऊन लोखंडी कढईत परतलेला, इतका गरम की एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावा लागतो. खाऊन झालं तरी तळवे तुपानं चकचकीत. पुसायचं कशाला? लांबड्या ते तूप थंडीनं उललेल्या ओठांना लावतो, मग गालांना, मग कोपरांना. बघून तुम्हीही लावता. गोलंदाज पायाच्या टाचांपर्यंत पोचतो. ताई मान वळवून उभी राहते, ही मुलं आपल्याबरोबरची नाहीत अशी.

पेटीवर शबद चाललाय. शब्द कळत नाहीत, चाल कळते. शेवटाकडे एक नाव ऐकू येतं आणि ताईचे कान टवकारतात. तिनं ‘नामा’ ऐकलंय. खरंच ऐकलंय. गुरू अर्जुनांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. परंपरेनं नामदेवांचं गाव मानली जाणारी नरसी हिंगोलीजवळ आहे, आणि १९८१ साली हिंगोली परभणी जिल्ह्यातच आहे. यंदाच्या १ मेला जालना वेगळा जिल्हा झाला, परतूर तिकडे गेलं. हिंगोली, वसमत, कळमनुरी अजून तुमच्या शाळेतल्या नकाशावर आपल्याच रंगात आहेत. परभणी जिल्ह्यातला माणूस पंजाबात गेला, घुमानला राहिला, आणि जवळजवळ चारशे वर्षांनी पंजाबचे गुरू तिथून एका गाडीच्या अंतरावर येऊन थांबले. बारा वर्षांच्या मुलाला एवढं कळत नाही. त्याला भूक लागलीय.

लंगर.

तागाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्यात. बसायचं ते जागा असेल तिथे, ओळख बघून नाही. तुमच्या डाव्या हाताला बिदरहून आलेलं शेतकरी जोडपं, उजव्या हाताला गोलंदाज, त्याच्या पलीकडे मनगटावर सोन्याचं घड्याळ घातलेले गृहस्थ, त्यांच्या पलीकडे लांबड्या. ताई समोरच्या ओळीत बायकांत. ताट येतं. वाढणारा ‘परशादा’ म्हणत पोळी घेऊन येतो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलांना गव्हाची पोळी म्हणजे सण, त्यामुळे तुमचा एक हात आपोआप पुढे जातो. वाढणारा थांबतो. दोन्ही हात पुढे करायचे, मग तो त्यांत पोळी ठेवतो. घड्याळवाले गृहस्थही दोन्ही हात पसरून बसलेत. काळ्या उडदाची दाट डाळ, तिच्यावर तुपाचा तवंग. मग पाणी: एक मुलगा बादली आणि डाव घेऊन ओळीनं येतो, समोर स्टीलचे ग्लास. कुठला ग्लास आधी कुणी उचलला होता, पुढच्या पंगतीत तो कुणाकडे जाणार, कुणाला माहीत नाही आणि कुणाला पडलेलीही नाही.

गोलंदाज सहा पोळ्या खातो. पाणी पिऊन झाल्यावर ग्लास हातात घेऊन उठतो आणि नळ शोधायला लागतो. सवय. एक सेवादार त्याच्या हातातून ग्लास काढून घेतात, ‘राहू दे रे, धुणारे हायेत तिकडं,’ म्हणतात आणि दुसऱ्या शंभर ग्लासांच्या टोपात टाकतात.

लांबड्या अवाक. ‘तुमाला मराठी येतं?’

‘मग काय बोलू? कुठनं आलाव?’

‘परभणीहून.’

‘हां! बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ ते मोठ्यानं हसतात. त्यांच्या आज्याचा आजा लाहोरकडून निजामाच्या फौजेत आला, तेव्हापासून घर इथलंच. ही नुसती घरगुती आख्यायिका नाही. १८३०च्या दशकात निजामाचे दिवाण चंदूलाल यांनी रणजितसिंगांकडून शिखांची फौज मागवून घेतली होती. त्यांचे वंशज दख्खनी शीख म्हणून नांदेडपासून हैदराबादपर्यंत पसरलेत, घरात दख्खनी बोलतात, बाजारात मराठी, आणि पंजाबी देवघरात.

‘आमचे बाबासाहेब पण शीख व्हणार व्हते,’ गोलंदाज एकदम म्हणतो. ‘बापू सांगतो.’

चष्मिस हसतो. ताई हसत नाही. सेवादारही हसत नाहीत, मान डोलावतात. बापूचं बरोबर आहे. १९३५ साली येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केल्यावर आंबेडकरांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता, पुढच्या वर्षी ते अमृतसरच्या परिषदेला गेले होते. माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ साली निघालं ते याच संबंधातून. शेवटी त्यांनी १९५६ला नागपुरात बुद्धाला जवळ केलं. हे शाळेच्या पुस्तकात नाही. ते आज लंगरच्या दाराशी, तुपाळ हातांनी उभ्या असलेल्या एका मुलानं तुम्हाला सांगितलं.

निघताना सेवादारांकडे एकदा पाहून घ्या. तीन वर्षांनी, १९८४च्या नोव्हेंबरात, दिल्लीच्या गल्ल्यांत पगडी दिसली की काय होणार आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही. ते पुढच्या पंगतीसाठी पट्ट्या झटकतायत.

परतीच्या गाडीत ट्रान्झिस्टर आहे, म्हणजे अख्खा डबा त्याच्या बाजूला कललाय. दिल्लीत इंग्लंडशी कसोटी चालू आहे. याच कसोटीत जेफ बॉयकॉटनं गॅरी सोबर्सचा सर्वाधिक कसोटी धावांचा विक्रम मागे टाकलाय आणि गोलंदाजाला त्याचा वैयक्तिक राग आहे. ‘इतकं हळू खेळायलं तर कुणीबी करंल.’ मिरखेलच्या पुढे आवाज खरखरतो, परभणी येईपर्यंत नुसतीच खरखर ऐकत सगळे बसतात, कारण मध्येच कुणी बाद झालं तर?

आणि आता स्केट्स.

चष्मिस घरून कापडी पिशवी घेऊन येतो. बाहेर काढतो. लोखंडी पट्टी, खाली चार चाकं, वर चामड्याचे पट्टे. पट्टी दोन तुकड्यांची आहे, मधला नट चावीनं सैल केला की लांबी कमी-जास्त होते, म्हणजे ताईच्या पायापासून चष्मिसच्या पायापर्यंत सगळ्यांना एकच स्केट बसतो. चाकांचा दांडा आणि पट्टी यांच्यामध्ये रबराचा ठोकळा आहे. त्यात सगळी करामत. शरीर एका बाजूला कललं की रबर दबतं, चाकांचा दांडा तिरका होतो आणि स्केट त्या बाजूला वळतो. १८६३ साली न्यू यॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं वळणारे स्केट काढले, त्याआधीचे नुसते सरळ जायचे आणि भिंत आली की थांबायचे.

प्रश्न जमिनीचा आहे. बर्फ हवा असेल तर शिमला, तिथे १९२० सालापासून उघड्या मैदानावर पाणी गोठवून स्केटिंग चालतं. परभणीत डांबरी रस्ते आहेत, पण त्यांवरची खडी चाकाखाली कुरकुरते आणि दात वाजतात. घरात शहाबादी फरशी आहे, पण तिच्या सांध्यांत चाक अडकतं. हवं असतं सलग, घोटलेलं सिमेंट. आणि सकाळच्या वर्तमानपत्रवाल्यांचं ऐकलंत ना? सिमेंटच्या पोत्यावरून सरकार हलतंय, तिथे मुलांना घसरायला सिमेंटचं मैदान कोण घालणार?

पण परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ साली निघालेलं. त्या बाजूच्या शेतांमध्ये एक सिमेंटचं खळं गोलंदाजाला माहीत आहे, त्याचा बापू हंगामात तिथे मजुरीला जातो. खरिपाची ज्वारी उचलून झालीय, तूर अजून यायचीय. मधले हे पंधरा-वीस दिवस खळं रिकामं. राखणदार गोलंदाजाला ओळखतो. ‘सांजच्याला निघायचं,’ एवढंच म्हणतो आणि बिडी पेटवून बांधावर बसतो, बघायला.

आधी झाडू. एक ज्वारीचा दाणा चाकापुढे आला तरी स्केट जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे जातो. तुराट्यांचा खराटा घेऊन पाच जण खळं झाडतात, कोपऱ्यातले दाणे गोलंदाज मुठीनं गोळा करून खिशात टाकतो. कबुतरांना, म्हणतो.

पहिली पाळी ताईची. तिला येतं, हैदराबादला मामाकडे शिकलीय. शाल लांबड्याच्या डोक्यावर टाकते, पट्टे आवळते. टाचा जवळ, चवडे बाहेर, गुडघे वाकलेले. पाऊल मागे न ढकलता बाजूला ढकलते, मग दुसरं, आणि वेण्या मागे उडायला लागतात. खळ्याच्या काठाशी येते तेव्हा सगळे श्वास रोखतात. ती एक पाय दुसऱ्याच्या मागे आडवा धरते, चाकं घासतात आणि ती थांबते. राखणदार बिडी तोंडातून काढतो. ‘आर्र.’

तिचे नियम दोन. पडणार असं वाटलं तर उभं राहायची धडपड करू नका, खाली बसा. आणि हात मागे टेकू नका, मनगट जातं.

तुमची पाळी. उभं राहता आणि जमीन तुमची राहत नाही. दोन पाय दोन गावांना निघतात. तुम्ही कंबरेत वाकता, ही सगळ्यांची पहिली चूक, कारण डोकं पुढे गेलं की पाय मागे सुटतात. सिमेंट गार आहे. कोपर सोलवटतं, स्वेटरच्या लांब बाहीनं थोडं वाचतं. पुन्हा उभं राहता. या वेळी नजर पायांवरून काढून समोरच्या बाभळीवर ठेवा. गुडघे ढिले सोडा. डावा पाय ढकला. चाकांचा आवाज बदलतो, खडखडाटातून सलग घरघर होते, आणि तीन-चार हात अंतर तुम्ही काहीही न करता पुढे जाता. एवढ्याचसाठी लोक हे करतात.

पाळ्या लांबतात, सूर्य उतरतो, भांडण सुरू होतं. पाच जण आणि जोडी एकच. मग ताईच तोड काढते: एकेक स्केट दोघांना. म्हणजे एका पायात स्केट, दुसरा पाय अनवाणी, त्यानं जमीन रेटायची. पण एकट्याचा तोल जातो. दोघांनी शेजारी उभं राहून, स्केटचे पाय बाहेरच्या बाजूला, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एकदम रेटलं तर जमतं. लांबड्या आणि चष्मिस जातात आणि उंचीच्या फरकानं दोन ढकलींत आडवे होतात. मग तुम्ही आणि गोलंदाज. त्याचा हात तुमच्या मानेमागून खांद्यावर येतो, तुमचा त्याच्या. त्याच्या सदऱ्याला अजून लंगरच्या डाळीचा वास आहे. ‘एक, दोन,’ तो मोजतो, ‘ढकल!’ आतले दोन पाय एकदम रेटतात. अर्धं खळं पार. पुन्हा. अख्खं खळं पार, आणि थांबायचं कसं हे दोघांनाही माहीत नसल्यानं सरळ तुरीच्या ओळीत. शेंगा अंगावर तडतडतात. राखणदार शिव्या देतो आणि हसतो.

सांगून टाकावंसं वाटेल की सकाळच्याच रुळाच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादेत, एक मुलगा जन्मेल. अनुपकुमार यमा त्याचं नाव. २०१०च्या आशियाई खेळांत चाकांच्या स्केटिंगमध्ये तो भारतासाठी दोन कांस्यपदकं आणेल. सांगू नका. चष्मिस आत्ताच स्वतःला त्याहून वरचा समजतोय.

सांज. राखणदार उठवतो. सगळ्यांना तहान लागलीय, आणि परतीच्या वाटेवर पहिलं घर लागतं ते गोलंदाजाचं. तो पावलं उचलतो, दारासमोरून झपाझप पुढे जायला बघतो. त्याला कुणाला संकटात टाकायचं नाही. पण ताई थांबते. ‘मावशी, पाणी द्या की.’

त्याची माय दारात येते. पाच जणांकडे बघते, मग मुलाकडे. आत जाते. रांजणातलं पाणी तांब्यात, बरोबर दोन पितळी पेले, चिंचेनं घासून लख्ख केलेले. ताई पहिली पिते, घटाघटा, वरून नाही, तोंड लावून. लांबड्या पितो. चष्मिस चष्मा पुसत राहतो, मग पितो. पेला तुमच्या हातात येतो. हिवाळ्यातलं रांजणाचं पाणी, दात ठणकतात. घरी गेल्यावर आईला हे सांगायचं का, असा विचार तुमच्या मनात येतो, आणि तो विचार आला याची लाजही वाटते. विद्यापीठाचं नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडेल. तोवर किती घरांत किती कप खिडकीत पालथे राहतील, सांगता येत नाही. तुमच्या घरातला एक मात्र तुमच्या हाताच्या अंतरावर आहे.

‘चहा ठेवू का?’ मावशी विचारतात. ताई म्हणते, उशीर झाला, पुढच्या रविवारी.

‘पुढच्या रविवारी पयली पाळी माझी,’ गोलंदाज म्हणतो. ‘खळं माझं हाय.’

‘स्केट माझे आहेत,’ चष्मिस.

‘स्केट मामाचे आहेत,’ ताई म्हणते, ‘आणि पाळ्या मी लावणार.’

या वादात पडू नका. दुसरी पाळी कुणाची, तेवढं विचारून घ्या.